वास्तव्य आढळले नाही

भाऊसाहेबांना भाऊसाहेब म्हणत असले तरी त्यांचं वय अवघं तेवीस होतं. हे नाव आत्याने ठेवलेलं. लहानपणी इतर मुलं मातीत लोळत असताना हे बाजूला उभे राहून सगळ्यांच्या चपला जोडीने लावत असत, तेव्हा आत्या म्हणाली, "हा मुलगा नव्हे, हे भाऊसाहेब आहेत." ते नाव शाळेत, कॉलेजात आणि थेट विमानतळापर्यंत सोबत गेलं. तेव्हा आपणही त्यांना भाऊसाहेबच म्हणू, आणि मानानेच बोलू.

तर हे भाऊसाहेब परदेशातल्या एका अवाढव्य शहरात उच्च शिक्षणासाठी दाखल झाले. विषय होता, शहरं कशी वसवावीत. लाखो माणसांना कुठे ठेवायचं, त्यांचं पाणी कुठून आणायचं, त्यांचा कचरा कुठे न्यायचा, हे सगळं भाऊसाहेब शिकणार होते. निघायच्या आधी कॉलनीच्या हॉलमध्ये त्यांचा शाल घालून सत्कार झाला. आत्याने भाषण केलं आणि भाषणात त्यांना आणखी दोन पदव्या आधीच देऊन टाकल्या. एवढं झाल्यावर माणसाला परतीचे दोर राहत नाहीत. शिक्षण संपल्याशिवाय परत येणं म्हणजे ती शाल तोंडावरून घेऊन कॉलनीत शिरण्यासारखं होतं.

खोली मिळाली ती एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. घरमालकीणबाई दुसरीकडे राहायच्या. त्यांनी गादी कोरी करकरीत आणली होती, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. किल्ली हातात देताना त्या म्हणाल्या, "जशी दिली तशी परत मिळाली पाहिजे."

आता हे वाक्य जगातली प्रत्येक घरमालकीण म्हणते आणि जगातला प्रत्येक भाडेकरू मान डोलावून विसरून जातो. पण भाऊसाहेब ज्या घरात वाढले, तिथे अशी वाक्यं विसरत नाहीत. त्यांच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक होतं. फ्रिजला झगा होता आणि फ्रिजच्या मुठीला वेगळी टोपी होती. सोफ्यावर कव्हर होतं, त्या कव्हरवर आणखी एक कव्हर होतं, आणि मूळ सोफ्याचा रंग कोणता, यावर आईबाबांमध्ये मतभेद होते. नवी वस्तू वापरायची नसते, ती सांभाळायची असते. आणि ती वापरायचा दिवस उजाडेपर्यंत ती जुनी झालेली असते, म्हणून मग तिला अधिकच सांभाळायचं असतं. भाऊसाहेबांना यात काही विचित्र वाटत नसे. प्लास्टिकचा करकर आवाज कानावर पडला की त्यांना उलट घरी असल्यासारखं वाटायचं.

त्यामुळे गादीचं प्लास्टिक निघालं नाही. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. खुर्चीचे पाय जमिनीला ओरखडे काढतील म्हणून त्यांना जुने मोजे घातले. कपाटात कपडे ठेवले तर फळीचा रंग उडेल, म्हणून कपडे बॅगेतच राहिले. बॅग पलंगाखाली सरकवली. कप वापरला की धुवायचा, पुसायचा आणि पुन्हा बॅगेत. चालताना पावलं चवड्यांवर. दार लावताना मुठीवर दोन्ही हात. "आपण इथे राहतो हे कुणाला कळतसुद्धा नाही," असं त्यांनी फोनवर आईला अभिमानाने सांगितलं.

"गुणाचं बाळ गं माझं," आई म्हणाली.

आणि इथेच घोटाळा झाला.

त्या शहरात परदेशी विद्यार्थ्याने आपल्या पत्त्याची नोंद करायची असते. नुसतं सांगून भागत नाही. खोटे पत्ते देणारे फार, म्हणून कचेरीतून कुणीतरी येऊन माणूस खरंच तिथे राहतो का हे पाहून जातं. ते पाहून गेल्यावर नोंद, नोंद झाल्यावर परवाना, आणि परवाना नसेल तर विद्यापीठातून नाव कमी. नाव कमी झालं की पुढचं विमान, आणि त्यापुढे कॉलनीचं फाटक.

पडताळणीच्या बाई एका सकाळी आल्या. राखाडी कोट, खांद्याला पिशवी, हातात पेन. चेहऱ्यावर रागही नव्हता नि लोभही नव्हता. भाऊसाहेबांनी अदबीने दार उघडलं. बाईंनी प्लास्टिकमधली गादी पाहिली. रिकामं कपाट उघडून पाहिलं आणि मिटलं. टेबलाखाली वाकून मोजे घातलेली खुर्ची जरा जास्तच वेळ पाहिली. मग पलंगाखालची भरलेली बॅग पाहिली आणि पेनाचं टोपण काढलं.

"इथे कुणी राहत नाही," त्या म्हणाल्या.

"मी राहतो ना! मॅडम, मी इथे उभा आहे!"

"उभे आहात, ते दिसतंय. राहता का, हा प्रश्न आहे."

भाऊसाहेब पुष्कळ बोलले. नव्या वस्तूंविषयी बोलले, संस्कारांविषयी बोलले, फ्रिजच्या टोपीविषयीही बोलले. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'वास्तव्य आढळले नाही.'

चार दिवसांनी त्याच मजकुराचं रीतसर पत्र आलं. आलं ते अर्थातच त्याच पत्त्यावर. पत्र पाहून भाऊसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली, पण पुढच्याच क्षणी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या पत्राला आपण सापडलो ते कुठे? याच पत्त्यावर! ते तडक कचेरीत गेले, रांगेत उभे राहिले आणि खिडकीतल्या कारकुनासमोर विजयी मुद्रेने ते पत्र ठेवलं.

"हे पत्र तुम्ही पाठवलंत. ते मला मिळालं. म्हणजे मी तिथे राहतो."

कारकुनाने पत्र उलटसुलट करून पाहिलं. "तुम्ही तिथे राहत नाही असं यात लिहिलंय."

"हो, पण ते मला तिथेच मिळालं!"

"मग ते तुम्ही फोडलंत कसं? ज्या पत्त्यावर आपण राहत नाही, तिथलं पत्र फोडायचं नसतं."

"पण पाकिटावर माझं नाव होतं!"

"नाव तुमचं असेल. पत्ता तुमचा नाही," कारकून म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी हे पाहिलं नाही असं समजतो. पण पुन्हा असं करू नका."

भाऊसाहेबांना आयुष्यात कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे कारकुनाची माफी मागितली, आणि कशाबद्दल मागितली हे त्यांना जिना उतरेपर्यंत कळेना. एवढं मात्र झालं की कारकुनाला त्यांची दया आली आणि त्याने फेरपडताळणीचा शिक्का मारला. बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा येतील. कोणत्या दिवशी ते सांगता येत नाही. ही शेवटची संधी.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. हे शिंपीकाका सुई तोंडात धरूनही अखंड बोलू शकायचे. भाऊसाहेबांचं नाव त्यांना ठाऊक होतं, कारण आई फोनवर "भाऊसाहेब!" अशी हाक मारायची तेव्हा फोन नसता तरी ती इथपर्यंत ऐकू आली असती.

"अहो भाऊसाहेब, साधी गोष्ट आहे," शिंपीकाका म्हणाले. "राहती खोली म्हणजे काय? पसारा! तुमच्याकडे पसारा नाही. पसारा करा."

सांगायला सोपं होतं. भाऊसाहेबांनी खोलीत जाऊन दार लावलं, एक मोजा हातात घेतला आणि डोळे मिटून भिरकावला. डोळे उघडले तेव्हा मोजा खुर्चीखाली एकटाच पडला होता. त्यांना ते बघवेना. त्यांनी तो उचलला, झटकला आणि जोडीदाराजवळ नेऊन ठेवला. मग त्यांनी चहाचा कप न धुता टेबलावर ठेवून बघितला. जरा पाय मोकळे करून येऊ म्हणून ते बाहेर गेले, अर्ध्या वाटेतून परत आले आणि कप धुऊन टाकला. शहरं वसवणं सोपं असावं, असं त्यांना वाटू लागलं.

रात्री घरी व्हिडिओ कॉल लागला. तिकडे बाबा, आई आणि आत्या एका सोफ्यावर, म्हणजे दोन कव्हरांवर, बसले होते.

"भिंतीला एक खिळा ठोक," बाबा म्हणाले. "खिळा असला की माणूस राहतो असं वाटतं."

"खिळे ठोकायला बंदी आहे बाबा."

"मग कॅलेंडर लाव."

"कशाला लावू? खिळ्यालाच ना?"

आत्या म्हणाली, "त्या बाईंशी मला बोलू दे. मी सांगते त्यांना तू कोण आहेस ते." हा प्रस्ताव सर्वानुमते फेटाळण्यात आला.

"गादीचं प्लास्टिक काढलं तर?" भाऊसाहेबांनी चाचरत विचारलं.

"काढायचं असेल तर काढ," आई म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं की काढायचं नाही. "पण मी म्हणते, वरून चादर घातली की कुणाला दिसतंय? एका बाईसाठी अख्खी गादी खराब करायची?"

हे सगळ्यांना पटलं. शिंपीकाकांनी फुलाफुलांची चादर दिली आणि प्लास्टिक चादरीखाली जसंच्या तसं राहिलं.

भाऊसाहेबांना स्वतःला पसारा जमत नाही हे उघड झाल्यावर शेजाऱ्यांनी तो बाहेरून पुरवायचं ठरवलं. त्याच मजल्यावरच्या नर्सबाई यात पुढे होत्या. त्या कामावरून थकून यायच्या, पण दुसऱ्याच्या संकटाची बातमी कळली की त्यांचा थकवा पळून जायचा. "तू फक्त बाजूला उभा राहा," त्या म्हणाल्या, आणि भाऊसाहेब बाजूला उभे राहिले. नर्सबाईंनी आपल्या मुलीने काढलेली चित्रं कपाटाच्या दारावर चिकटवली. दात घासायचे वापरलेले ब्रश एका ग्लासात उभे केले. दाराशी चपलाबूट टाकले, त्यात मुलीचे लाल बूटही आले. शिंपीकाकांनी गिऱ्हाइकांचे न्यायचे राहिलेले कपडे खुर्चीवर, खिडकीवर, पलंगाच्या कडेवर टाकले. त्यातली एक पँट अशी होती की तिच्या एका पायात भाऊसाहेब सहज मावले असते. शेवटी, कोपरा रिकामा दिसतोय म्हणून त्यांनी दुकानातला कापडी पुतळाच वर आणला. त्याच्या अंगावर अर्धवट शिवलेला बायकी झगा टाचण्यांनी लावलेला होता. तो काढला तर माप बिघडलं असतं, म्हणून झगा राहिला.

नर्सबाई भिंतीपलीकडच्या आजींकडेही एखादं पांघरूण मागायला गेल्या होत्या. या आजी एकट्या राहायच्या आणि फारशा कुणाला दिसायच्या नाहीत. भाऊसाहेबांना त्यांचा फक्त खोकला माहीत होता.

"काय म्हणाल्या?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"'त्या मुलासाठी? चिंधीसुद्धा देणार नाही,' म्हणाल्या. आणि दार आपटलं," नर्सबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांना हे फार लागलं. ज्या बाईला आपल्या पावलांचा आवाजही कधी जाऊ दिला नाही, तिचा आपल्यावर राग का असावा? ते त्या दिवसापासून आणखी हळू चालू लागले.

पडताळणीच्या बाई आल्या तेव्हा भाऊसाहेब त्या गिऱ्हाइकी कपड्यांच्या घड्या घालायचा मोह आवरत, हाताची घडी घालून बसले होते. शिंपीकाका आणि नर्सबाई जिन्यावर सहज गप्पा मारत असल्यासारखे उभे होते. बाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी लाल बूट पाहिले. ग्लासातले ब्रश पाहिले. ती पँट उचलून दोन्ही हात पसरून धरली, तरी ती पुरी उलगडली नाही. मग त्या कोपऱ्याकडे वळल्या.

"या कोण?"

"तो पुतळा आहे मॅडम."

"तुमचा?"

"नाही."

"ही पँट?"

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंड ऐकेना.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मागच्या खेपेला या खोलीत कुणीच राहत नव्हतं. आता एक लठ्ठ गृहस्थ, एक बाई आणि एक लहान मूल राहतंय असं दिसतं. एका खोलीत इतक्या जणांना परवानगी नाही, तो वेगळा गुन्हा. पण तुम्ही," त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली, "तुम्ही मात्र अजूनही नाही."

जिन्यावरच्या गप्पा थांबल्या. भाऊसाहेबांना कॉलनीचा हॉल दिसला, शाल दिसली, आत्या दिसली. त्याहून वाईट म्हणजे त्यांना ती खिडकी दिसली. तिच्यातून दिसणाऱ्या रस्त्यावरचे दिवे आता त्यांच्या ओळखीचे झाले होते, आणि कोपऱ्यावरचा पाववाला कालच त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसला होता. हे शहर सोडून जायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. आजवर हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मॅडम, मी राहतो इथे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "मला फक्त राहता येत नाही नीट."

बाईंचं पेन क्षणभर थांबलं. पण अशा कारणासाठी त्यांच्या कागदावर रकाना नव्हता. त्या लिहायला लागणार, एवढ्यात जिन्यावर काठीचा ठोका ऐकू आला.

"सरकारी माणूस आलाय म्हणे! कुठाय?"

भिंतीपलीकडच्या आजी दारात उभ्या होत्या. त्या भाऊसाहेबांच्या खांद्याइतक्याही नव्हत्या, पण त्यांना पाहून शिंपीकाका आपसूक दोन पायऱ्या खाली उतरले.

"मला तक्रार नोंदवायची आहे," आजी म्हणाल्या. "या मुलाची. आल्यापासून याने माझी झोप उडवलीय. रात्रभर कुर्रकुर्र, खसखस, कुर्रकुर्र! रात्रभर हा पुडे फोडून खात असतो. एवढासा मुलगा, आणि एवढं खाणं! कुठे जातं ते?"

"आजी, मी रात्री काहीच खात नाही हो," भाऊसाहेब कळवळून म्हणाले.

"मग मला काय वेड लागलंय? एक रात्र चुकलेली नाही. एक!"

पडताळणीच्या बाई सावकाश वळल्या. "एक रात्र चुकलेली नाही, असं म्हणालात?"

"एकसुद्धा! हा कधी झोपतो, कधी कूस बदलतो, पहाटे कधी उठतो, सगळं मला माहीत आहे. माझ्या सख्ख्या मुलाचं मला इतकं माहीत नव्हतं."

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. मग पुढे होऊन फुलाफुलांच्या चादरीचं एक टोक उचललं. खाली प्लास्टिक चमकलं.

"झोपा," त्या भाऊसाहेबांना म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता."

परक्या बायकांसमोर पलंगावर आडवं व्हायचा प्रसंग भाऊसाहेबांवर कधी आला नव्हता. त्यांनी बूट काढून जोडीने लावले आणि डोळे मिटून अंग टाकलं. कुर्रर्र.

"हाच!" आजी किंचाळल्या.

"असं नाही. तुम्ही तुमच्या खोलीत जा आणि तिथून सांगा," बाई म्हणाल्या. त्या आपल्या कामात पक्क्या होत्या. आजी काठी आपटत गेल्या. "आता डाव्या कुशीवर वळा." भाऊसाहेब वळले. पलीकडून भिंतीवर काठीचा ठोका बसला. "उजव्या." पुन्हा ठोका. "आता अजिबात हलू नका." सगळे श्वास रोखून उभे राहिले. भिंत गप्प होती. मग पलीकडून आजींचा आवाज आला, "थांबला का? आता हा पाणी प्यायला उठेल बघा!"

भाऊसाहेब खरोखरच पाणी प्यायला उठले होते.

पडताळणीच्या बाई पहिल्यांदाच हसल्या, पण लिहिताना पुन्हा गंभीर झाल्या. कागदावर त्यांनी लिहिलं, 'वास्तव्य आढळले.' आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'शेजाऱ्यांना त्रास होतो.' शिक्का मारला, कागद भाऊसाहेबांच्या हातात दिला आणि जाताजाता म्हणाल्या, "ते प्लास्टिक काढा. आता लागणार नाही."

भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडताच ते मटकन खाली बसले ते नेमके त्या झग्यातून गळून पडलेल्या टाचण्यांवर. पण त्या दिवशी त्यांना टाचण्याही टोचल्या नाहीत. नर्सबाईंनी त्यांचा खांदा थोपटला. शिंपीकाकांनी पुतळा खांद्यावर टाकून खाली नेला आणि येताना मोठी कात्री घेऊन आले.

घरी फोन लावला. बाबांनी तो कागद स्क्रीनवर मोठा करून दोनदा वाचला. "शेजाऱ्यांना त्रास होतो," ते आत्याला म्हणाले. आत्याला हुंदका आवरेना, ती उठून कॉलनीत सांगायला गेली. मग सगळे आईकडे बघू लागले.

"काढ बाबा," ती म्हणाली. "काढ ते प्लास्टिक. तिथेच राहायचंय ना तुला?"

भाऊसाहेबांनी कात्री चालवली. कागदासारखा कडक झालेला तो पापुद्रा करकरत निघाला आणि खालून मऊ, पांढरी, कुणीही न वापरलेली गादी बाहेर आली. आईने आवंढा गिळलेला फोनवर स्पष्ट ऐकू आला. भाऊसाहेबांनी बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले, खुर्चीचे मोजे काढले, आणि चहाचा कप तसाच टेबलावर ठेवून झोपले. या शहरात आल्यापासून एवढी गाढ झोप त्यांना लागली नव्हती.

सकाळी दारावर काठी वाजली. भाऊसाहेबांनी डोळे चोळत दार उघडलं. बाहेर आजी उभ्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे लाल, हातात एक जाडजूड पांघरूण.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," आजी म्हणाल्या.

"आजी, आता तर आवाज नव्हता! प्लास्टिक काढलं मी!"

"तेच म्हणते मी. आवाजच नाही. एवढ्या दिवसांची सवय. म्हटलं, मुलगा गेला की काय परत?" त्यांनी मान उंचावून खोलीत डोकावून पाहिलं. उघडं कपाट, चुरगळलेली चादर, टेबलावरचा न धुतलेला कप. मग ते पांघरूण त्यांनी भाऊसाहेबांच्या हातात कोंबलं. "जाणार आहेस का?"

"नाही आजी," भाऊसाहेब म्हणाले. "मी इथेच राहतो."

"मग दार जरा जोरात लावत जा," आजी म्हणाल्या, आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेल्या. भाऊसाहेबांनी पांघरूण काखेत मारलं, सवयीने दोन्ही हात दाराच्या मुठीवर ठेवले, क्षणभर विचार केला आणि एक हात काढून घेतला. दार धाडकन लागलं. भिंतीपलीकडून समाधानाचा खोकला ऐकू आला.